काझीचे काम काय? एका पदाच्या कामाच्या यादीचा इतिहास

महाराष्ट्रात आडनावांची यादी हातात घेतली की जुन्या राज्यकारभाराची कचेरीच उभी राहते. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस. आपल्या बाजूला काझी, खतीब, मुलाणी, मुजावर, इनामदार, जमादार, शिकलगार. ही सगळी एके काळची कामे होती. काम गेले, नाव उरले. सबनीसांना आज कोणी फौजेची हजेरी विचारत नाही आणि पोतनीसांकडे कोणी खजिन्याचा हिशोब मागत नाही. त्यांचे नाव आता फक्त नाव आहे.

काझींचे तसे झाले नाही. आडनावापुरते काझी पुष्कळ आहेत, पण पद म्हणूनही काझी आजही आपल्यात आहे. निकाह पढवायला काझी येतो, दफ्तरात नोंद करतो, कुठे कुठे तलाकचा कागदही देतो. आणि या माणसाचे काम नक्की काय, त्याला कोणी नेमले, त्याचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे विचारले तर दहा जण दहा उत्तरे देतात.

हल्ली कोणत्याही बऱ्या कंपनीत नोकरी लागली की नेमणुकीच्या पत्रासोबत ‘जॉब डिस्क्रिप्शन’ मिळते. पदाचे नाव, कामाची यादी, कोणाला जबाबदार, कोणत्या गोष्टीचा अधिकार आहे आणि कोणत्या गोष्टीचा नाही. काम बदलले की हा कागदही बदलायचा असतो. न बदलला तर तो निरुपयोगी होतो. आपल्याला ही गोष्ट पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्रातून आलेली वाटते. पण काझीच्या पदाचा इतिहास पाहिला तर कामाची लेखी यादी ही आपलीच जुनी परंपरा होती असे दिसते. आपण ती यादी सांभाळली नाही, आणि त्याची किंमत कोणी मोजली हेही या इतिहासातच दिसते.

सुरुवात हजरत उमर (रजि.) यांच्यापासून करावी लागते. बसऱ्याला असलेल्या अबू मूसा अल-अशअरी (रजि.) यांना त्यांनी न्यायदानाविषयी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्या अस्सलपणाबद्दल आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पुढच्या कित्येक पिढ्यांनी काझीच्या कामाचा पाया म्हणून हेच पत्र वाचले. त्याचा आशय असा: तुमच्यासमोर आलेल्या दोघांना बसायला सारखी जागा द्या, दोघांकडे सारखे पाहा, म्हणजे बलवानाला पक्षपाताची आशा राहणार नाही आणि दुबळा निराश होणार नाही. पुरावा दावा करणाऱ्याने द्यायचा, नाकारणाऱ्याने शपथ घ्यायची. काल दिलेला निकाल आज चुकीचा वाटला तर सत्याकडे परतायला संकोच करू नका. यात पदाच्या मोठेपणाबद्दल एक शब्द नाही. सगळे कामाबद्दल आहे.

नेमकी, क्रमवार यादी मिळते ती अल-मावर्दींच्या ‘अल-अहकाम अस्-सुलतानिय्या’ या ग्रंथात. मावर्दी (९७४–१०५८) अब्बासी काळातले शाफई फकीह. आपल्या कोकणी मुसलमानांचा मसलक तोच. ते स्वतः काझी होते, त्यामुळे त्यांनी लिहिलेले नुसते पुस्तकी नाही. वजीर, सेनापती, काझी, बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब, जकात वसूल करणारा अशा एकेका पदाची पात्रता, नेमणुकीची रीत आणि कामे त्यांनी वेगवेगळ्या प्रकरणांत मांडली आहेत.

काझीची त्यांनी दिलेली कामे दहा आहेत. तंटे मिटवणे. सिद्ध झालेला हक्क अडवून ठेवणाऱ्याकडून मिळवून देणे. अज्ञान मुले आणि वेडसर माणसांच्या मालमत्तेची देखरेख. वक्फ मालमत्तांवर नजर. वसियत अमलात आणणे. ज्या स्त्रियांना वली नाही त्यांचे योग्य ठिकाणी निकाह लावणे. हद्दच्या शिक्षा. रस्त्यांवर आणि मोकळ्या जागांवर अतिक्रमण होऊ न देणे. साक्षीदार आणि हाताखालचे लोक तपासून घेणे. आणि शेवटी, बलवान आणि दुबळा, खानदानी आणि सामान्य यांच्यात फरक न करणे.

या यादीत निकाहचा उल्लेख एकदाच येतो, तोही वली नसलेल्या स्त्रीपुरता. तिथेही मावर्दी नोंद करतात की इमाम अबू हनीफा हे काझीच्या कामात धरत नाहीत, कारण त्यांच्या मते सज्ञान स्त्री आपला निकाह स्वतः करू शकते. म्हणजे आज काझी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे एकच काम येते, ते मूळ यादीत दहातले एक आणि तेही वादातले होते. याच ग्रंथात स्त्रीने काझी व्हावे का याचीही चर्चा आहे. मावर्दी नाही म्हणतात, पण अबू हनीफा आणि तबरी यांची वेगळी मते प्रामाणिकपणे नोंदवतात: ज्या बाबतीत स्त्रीची साक्ष चालते त्या बाबतीत तिने न्याय द्यायला अबू हनीफांची हरकत नाही, आणि तबरींची तर कशातच नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट नेमणुकीची. मावर्दींच्या मते नेमणूक करताना काम कोणते, प्रदेश कोणता, हे स्पष्ट असले पाहिजे. अधिकार सर्वसाधारण असू शकतो किंवा मर्यादित: एका मोहल्ल्यापुरता, एका प्रकारच्या दाव्यांपुरता, ठरावीक रकमेपर्यंत. बसऱ्याच्या जामा मशिदीत बसणाऱ्या एका काझीला वीस दिनार आणि दोनशे दिरहमपर्यंतचेच दावे चालवण्याचा अधिकार असे, हे उदाहरण ते देतात. आजच्या भाषेत आपण त्याला लघुवाद न्यायालय म्हणू. अधिकाराची सीमा आधी ठरवल्यामुळे ती ओलांडली की लगेच दिसत असे.

हिंदुस्थानात असा तपशीलवार प्रयत्न अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केला. सुभ्याचा सिपहसालार, फौजदार, काझी आणि मीर अदल, कोतवाल, अमलगुजार, बितिकची, खजिनदार, एकेकासाठी वेगळा ‘आईन’. कोतवालाने शहरातल्या घरांची नोंद ठेवावी, प्रत्येक मोहल्ल्यावर एक प्रमुख नेमावा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची खबर ठेवावी, वजनेमापे तपासावीत, कोणत्याही स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सती जाऊ देऊ नये. काझी आणि मीर अदल यांची कामे विभागलेली होती: एकाने तपास करून निष्कर्ष काढायचा, दुसऱ्याने तो अमलात आणायचा. केवळ साक्षी आणि शपथांवर विसंबू नये, खोदून चौकशी करावी, असाही सल्ला आहे. हा आदर्श प्रत्यक्षात किती उतरला हा वेगळा प्रश्न. पण आदर्श लिहिलेला असला की प्रत्यक्ष व्यवहार त्याच्याशी ताडून पाहता येतो.

औरंगजेबाच्या काळातली बापलेकांची एक जोडी याची साक्ष आहे. शाहजहान जिवंत असताना औरंगजेबाच्या राज्यारोहणाला शरई मान्यता द्यायला तेव्हाच्या मुख्य काझीने नकार दिला. अब्दुल वह्हाब यांनी वाट काढून दिली आणि मुख्य काझीचे पद त्यांच्याकडे आले. पुढे त्यांनी अफाट संपत्ती जमवली. १६७५ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या जागी आलेले पुत्र शेख-उल-इस्लाम यांनी बापाच्या त्या संपत्तीतला आपला वाटा घेतला नाही. पुढे विजापूर आणि गोवळकोंड्याच्या मुसलमान सुलतानांविरुद्धच्या युद्धाला शरियतचा आधार आहे का, असे बादशहाने विचारले. त्यांनी अनुकूल उत्तर दिले नाही. पद सोडून ते हजला निघून गेले. पद एकच, कामाची व्याख्या एकच. बापाने बादशहाला हवे ते सांगणे हे काम मानले, मुलाने खरे ते सांगणे. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये पडलेच. पण मुख्य काझीची संमती या युद्धाला मिळाली नव्हती, एवढी नोंद मागे राहिली.

आता आपल्या दख्खनकडे येऊ. इथेही कामाचे लेखी कागद होते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून जो ‘कानुजाबता’ ओळखला जातो, त्यात अष्टप्रधानांची कामे एकेक करून सांगितली आहेत. ‘कानुजाबता’ हा शब्दच कानून आणि जाबता या दोन शब्दांचा जोड. पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर ही पदांची फारसी नावे बदलून मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत अशी झाली. पण कामाची आखणी दख्खनी सल्तनतींच्या कारभारातून मुरत आलेली होती. नाव बदलले तरी काम लिहिलेले असले की कारभार चालू राहतो, हे इथे दिसते.

काझीही त्या कारभारात होता. आदिलशाही-निजामशाहीतल्या कसब्यांत वतनाचा तंटा उभा राहिला की मजलिस भरत असे. तिच्यात काझी, हवालदार, देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार बसत. निकालाचा महजर मराठीत लिहिला जाई आणि त्यावर काझीचा फारसी शिक्का पडे. काझीला ‘शरियतपनाह’ म्हणजे शरियतचा आश्रय असे संबोधले जाई. हिंदू पाटलांच्या वादातही हा शिक्का चाले, कारण काझी तिथे सरकारी न्यायव्यवस्थेचा माणूस म्हणून बसलेला असे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात अशा महजरांचा सविस्तर अभ्यास केला आहे. खेड्यात मुलाणी होता. मशिदीची देखभाल, निकाह, गावात बकरे हलाल करणे ही त्याची कामे, आणि त्याबद्दल गावाकडून बलुते. काम ठरलेले, मोबदलाही ठरलेला.

पण इथेच एक गोची झाली. दख्खनमध्ये काझीपण वतन झाले. मुलाण्याचेही तेच. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क. तो भावाभावांत वाटला जाई, गहाणही पडे. वतनाच्या कागदांत इनाम जमीन किती, कोणत्या गावातून काय हक्क, मानपान कोणाचा आधी, याचा तपशील असे आणि भांडणे त्यावरूनच होत. कामाचा उल्लेख मात्र पदाच्या नावात आला म्हणून पुरेसा मानला जाई. बाप काझी म्हणून मुलगा काझी. त्याला फिकह येते का, हे कोणी विचारायचे? मावर्दींनी आधी पात्रता सांगितली आणि मग कामे. वतनात पात्रता म्हणजे जन्म. हे दोष हिंदू वतनदारांतही होतेच, पण शरियतनुसार काझीपद वारसाहक्काने येत नाही, म्हणून आपल्या बाबतीत ती आपल्याच कायद्याशी केलेली फारकत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबई हायकोर्टालाही हे सांगावे लागले.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी सुरुवातीला ही पदे ठेवली. मुंबई इलाख्यासाठी १८२७ मध्ये जी रेग्युलेशन्स झाली त्यांतले २६ वे काझींसंबंधी होते. कोर्टात मुसलमानी कायदा सांगायला मौलवी आणि हिंदू कायदा सांगायला पंडित असत. मग १८६४ चा ११ वा कायदा आला. त्याने ही कायदे-अधिकाऱ्यांची पदे रद्द केली आणि सरकारने काझी नेमण्याची तरतूदही काढून टाकली. न्यायनिवाडा, अज्ञानांची मालमत्ता, वारसाहक्क ही सगळी कामे दिवाणी कोर्टांकडे गेली. दहा कामांच्या यादीतले एकेक काम आधीच निसटत होते, आता यादीच संपली.

मग लोकांची अडचण झाली. काही भागांत, विशेषतः मद्रास इलाख्यात, निकाह आणि इतर विधींना सरकारने नेमलेला काझी हवा असा रिवाज होता. या मागणीवरून सर सय्यद अहमद खान यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १८८० चा काझी कायदा झाला. तो सुरुवातीला मद्रास इलाख्यापुरता होता, इतर प्रांतांना तो लागू करून घेण्याची मुभा होती. हा कायदा आजही रद्द झालेला नाही. तो इतका छोटा आहे की चहा पिता पिता वाचून होतो, आणि प्रत्येक मशिदीच्या ट्रस्टींनी तो एकदा वाचायला हवा.

त्यात असे आहे: एखाद्या भागातल्या बऱ्याच मुसलमानांची इच्छा असेल तर सरकार तिथल्या प्रमुख मुसलमानांशी सल्लामसलत करून योग्य माणसाला काझी नेमू शकते. गैरवर्तन, सलग सहा महिने गैरहजेरी, दिवाळखोरी, काम करण्यास नकार किंवा असमर्थता अशा कारणांनी त्याला काढता येते. काझीला नायब नेमता येतो. आणि चौथ्या कलमात तीन गोष्टी: या नेमणुकीने काझीला कोणताही न्यायिक किंवा प्रशासकीय अधिकार मिळत नाही, निकाहला काझी हजर असलाच पाहिजे असे नाही, आणि दुसऱ्या कोणी काझीची कामे करू नयेत असेही नाही.

काझी काय करणार नाही हे या कायद्याने नेमके लिहिले. काय करणार हे कोठेच लिहिले नाही. पद परत आले, पण रिकामे.

रिकामे पद रिकामे राहत नाही. लोकांच्या मनात काझी म्हणजे अजूनही शरियतपनाह. तो बोलला म्हणजे कायदा बोलला. म्हणून नवरा ‘काझीसाहेबांचा कागद’ आणून दाखवतो आणि बायको तो कोर्टाचा हुकूम समजून माहेरची वाट धरते. मेहर, इद्दतचा खर्च, मुलांचा ताबा हे प्रश्न त्या कागदाखाली दबून जातात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्व लोचन मदन यांच्या याचिकेवर स्पष्ट केले की दारुल कझाचे निर्णय आणि फतवे कोणावर कायद्याने बंधनकारक नाहीत. २०१७ च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टाने बदर सईद यांच्या याचिकेत सांगितले की काझींनी दिलेले तलाकचे दाखले हे केवळ मत आहे. आधार होता त्याच १८८० च्या चौथ्या कलमाचा. बदर सईद या स्वतः वकील आणि तमिळनाडू वक्फ बोर्डाच्या माजी अध्यक्ष. जे कलम १३७ वर्षे कायद्यात लिहिलेले होते ते लोकांना कळावे म्हणून एका मुसलमान स्त्रीला हायकोर्टात जावे लागले.

काही लोक म्हणतील, हा शरियतमधला हस्तक्षेप आहे. मला तसे वाटत नाही. नेमणुकीच्या वेळी न दिलेला अधिकार वापरणारा काझी मावर्दींच्या हिशोबातही काझी नाही. अधिकाराची सीमा पाळणे ही आपल्या फिकहचीच शिकवण आहे.

हीच गोष्ट उलट्या दिशेने इमामांच्या बाबतीत घडते. काझीचा अधिकार लिहिलेला नसल्याने फुगतो, आणि इमामाचे काम लिहिलेले नसल्याने फुगते. पाच वेळची नमाज, जुम्याचा खुत्बा हे सर्वांना माहीत. पण मकतबमध्ये मुलांना शिकवणे, मय्यतचे गुस्ल, वर्गणी गोळा करणे, मोटर चालू करून हौद भरणे, सफाई, कोणाच्या घरी दुआ, हे सगळे ‘मौलाना करतीलच’. माझ्या माहितीतल्या एका मशिदीत एका इमामांना कमिटी बदलताच दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितले. कारण विचारले तर ‘काम नीट नाही’. काम कोणते, हे सांगणारा एक ओळीचाही कागद दोन्ही बाजूंकडे नव्हता. त्यामुळे इमामांना बचाव करता येईना, आणि खरे म्हणजे कमिटीलाही आरोप सिद्ध करता येईना. इमामांच्या मानधनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. वक्फ बोर्डांचे म्हणणे होते की ही धार्मिक सेवा आहे, नोकरी नाही. १९९३ मध्ये न्यायालयाने मानधनाची योजना आखायला सांगितले. सेवा मान्य, पण सेवा करणाऱ्याच्याही घरी चूल असते.

कुरआनने उधारीच्या व्यवहारात लिहून ठेवण्याचा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याचा हुकूम दिला आहे, रक्कम लहान असो की मोठी. पाच हजारांच्या उसनवारीला कागद हवा आणि माणसाच्या उपजीविकेला नको?

म्हणून एक साधी सूचना. आपल्या मशिदीच्या, जमातीच्या पुढच्या सभेत दोन कागद करावेत. पहिला इमाम, मुअज्जिन आणि मकतबच्या उस्तादांसाठी: कोणते काम, किती वेळ, किती मानधन, राहण्याची सोय काय, सुट्टी किती, तक्रार कोणापुढे, काढायचे असेल तर नोटीस किती दिवसांची. दुसरा निकाह पढवणाऱ्यासाठी: निकाहनाम्याच्या किती प्रती, त्यातली एक वधूच्या हातात दिलीच पाहिजे, मेहरचा आकडा अक्षरांतही, वय आणि आधीच्या लग्नाचे कागद तपासणे, सरकारी नोंदणीची माहिती देणे, दफ्तर कोणाच्या ताब्यात आणि तो माणूस वारला किंवा गाव सोडून गेला तर ते कोणाकडे जाणार. आणि स्पष्ट शब्दांत एक ओळ: तलाक, पोटगी, मुलांचा ताबा यांवर निकाल देण्याचा अधिकार या पदाला नाही, समेटाचा प्रयत्न जरूर करावा.

दोन्ही कागद मराठीत आणि उर्दूत करावेत, मशिदीच्या फलकावर लावावेत. आणि दर वर्षी, रमजानच्या आधी जशी रंगसफेदी होते तशी, ही यादी पुन्हा वाचावी. जे काम बंद झाले ते खोडावे, जे नवे आले ते लिहावे आणि त्याचे मानधनही वाढवावे. काझीच्या दहा कामांची यादी कोणी एका दिवसात फाडली नव्हती. ती पिढ्यान् पिढ्या कोणी वाचलीच नाही.